बैठकीतल्या उजेडापुरता डोळा

लेन्स घरी आणली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी ती चुकीच्या डोळ्यात घातली.

माझा डावा डोळा फुलाचा आहे. नऊ-दहा वर्षांचा असताना शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीचं टोक लागलं, बुबुळावर पांढरा डाग पडला, आणि तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तो डाग झाकायला ही तपकिरी लेन्स. तिच्या मधोमध बाहुलीच्या जागी गच्च काळा ठिपका, त्यातून काही म्हणता काही दिसत नाही. दिसायची गरजही नव्हती. पण आरशात सगळं उलटं दिसतं हे शाळेत शिकलो होतो. त्याच शाळेत आता लिपिक आहे, म्हणून विसरलोही नव्हतो. तेव्हा मी विचारपूर्वक उलटं केलं आणि लेन्स धडधाकट उजव्या डोळ्यात बसवली.

जग एकदम विझलं.

"गेला! उरलेला बी गेला!" मी ओरडलो.

बायको कणकेच्या हातांनीच धावत आली. "काय गेलं? काऊन एवढे वरडून राह्यले?"

"डोळा गेला!"

"कोणता?"

हा प्रश्न मला त्या वेळी फार निर्दयी वाटला. शेवटी मुलीनं येऊन, हात धुऊन, माझी मान वर करून ती लेन्स काढली. मुलगी चिखलीला एका लॅबमध्ये काम करते, रोज पन्नास लोकांचं रक्त काढते, त्यामुळे आरडाओरड्याचं तिला काही वाटत नाही. "बाबा," ती म्हणाली, "हा चांगला डोळा हाये. याले राहू द्या."

पण खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता, आणि तिलाच तो नको होता.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी तिला एक स्थळ आलं होतं. लोक चांगले, मुलगा नोकरीवाला. आमच्या अमडापूरच्या घरी येऊन चिवडा खाल्ला, चहा प्याले, हसत गेले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आम्ही दिलीच नव्हती. मग दूरच्या एका नातेवाइकाकडून खरं कारण कळलं. त्यांच्यातल्या कोणीतरी म्हणालं होतं, "पोरीच्या बापाचा डोळा पाह्यला का? उद्या लेकराईले तसं निघालं तर?"

पऱ्हाटीचं टोक वंशात कसं उतरेल हे मला कोणी विचारलं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. पण असलं कोणी तोंडावर विचारत नाही. चाळीस वर्षं या डोळ्यानं माझं काही अडवलं नव्हतं. नोकरी लागली, लग्न झालं, मोटारसायकलही चालवतो. आणि तो अडला तो नेमका पोरीच्या वाटेत. त्यानंतर मी लग्नकार्यात डाव्या बाजूला खांब बघून बसू लागलो.

आता दुसरबीडचं स्थळ आलं होतं. माझ्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, आणलेलं. वडिलांची शेती, रस्त्याला लागून लहानसं हॉटेल, मुलगा पतसंस्थेत. मुलगी त्या मुलाशी दोनदा फोनवर बोलली होती. दुसऱ्यांदा फोन ठेवल्यावर तिनं कोणी न सांगता सगळ्यांसाठी चहा केला. आमच्या घरात ही फार मोठी घटना आहे. तो चहा पिताना मी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. म्हटलं, हे जर माझ्या डोळ्यावरून मोडलं, तर या पोरीला तोंड कसं दाखवायचं? तोंडावरच तर तो आहे.

म्हणून लेन्स. चिखली-बुलढाण्याला घेतली असती तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायानं विचारलं असतं, "साहेब, डोळा बदलला म्हणे?" म्हणून बायकोला घेऊन थेट मलकापूर गाठलं. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घालायला हरकत नाही, पण दिवसाला चार-पाच तासांच्या वर नको, असं बजावलं. मग त्यांनीच सांगितलेल्या चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथं लेन्सचं काम बघणारी ताई होती. तिनं एक लांबट पेटी उघडली. आत ओळीनं नमुने.

"काका, नैसर्गिक दिसायला हवं ना?"

"हो. कोणाच्या लक्षात यायला नको."

"मग हे बघा. हे सगळे ब्राऊनच आहेत."

मी मोजले, आठ होते. एकाला मधाचा रंग, एकाला बदामाचा, एकाला कॉफीचा. मला वाटलं होतं डोळा म्हटलं की काळा. कोणत्याही फॉर्मवर मी आयुष्यभर डोळ्यांचा रंग काळा असाच लिहीत आलोय, स्वतःचाही आणि शाळेतल्या पोरांचाही. ताईनं माझ्या उजव्या डोळ्याचा जवळून फोटो काढून दाखवला तेव्हा मी चाटच पडलो. तो काळा नव्हताच. पिकल्या चिंचेसारखा तपकिरी होता, कडेला गडद रेघ, आणि बाहुलीभोवती पिवळसर झाक.

"ही पिवळी झाक कधी आली?" मी घाबरून विचारलं. मला वाटलं कावीळ.

"कधी आली म्हंजे? पहिल्यापासून हाये," बायको म्हणाली. "तुमाले काय माहीत? तुमी थोडेच पाह्यता तुमच्याकडं."

मी मनातून मधाच्या रंगावर भाळलो होतो. ताईनं तो घालून दाखवला. आरशात एका बाजूनं मी होतो आणि दुसऱ्या बाजूनं कोणीतरी रुबाबदार माणूस. मी मान वाकडी करून जरा त्या बाजूनंच बघत राहिलो.

"बोक्यावाणी दिसते," बायको म्हणाली आणि विषय संपला.

त्यानंतर निवड तिनं हातात घेतली. आमच्या बायका साडीवर ब्लाउजपीस कसा घेतात ते ज्यानं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. दुकानातल्या ट्यूबवर त्यांचा काडीचा विश्वास नसतो. तागा आणि साडी दोन्ही उचलून त्या दुकानाच्या पायरीवर येतात, उन्हात धरतात, मग सावलीत धरतात, साडीची घडी मोडून आतला रंग पाहतात. तसंच तिनं मला उचललं. प्रत्येक नमुना डोळ्यात घातला की दंडाला धरून पायरीवर. "वर पाहा. आता खाली. आता माह्याकडं. हसा जरा." रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या. समोरच्या पानठेल्यावरची माणसं पान चघळायची थांबली. एक बाई नवऱ्याला उन्हात धरून त्याचा रंग जुळवतेय हे त्यांनी आधी कधी पाहिलं नसावं.

पाचव्या नमुन्याला ती म्हणाली, "हा. पण उन्हात बाहुली मोठी दिसते."

ताई कौतुकानं म्हणाली, "काकू, बरोबर पकडलं तुम्ही. खऱ्या डोळ्याची बाहुली उन्हात लहान होते, घरात मोठी होते. लेन्सचा काळा ठिपका आहे तेवढाच राहतो. म्हणून एकच उजेड धरून माप निवडावं लागतं. काकांना कुठं घालायची आहे? मांडवात, की घरात?"

मी आणि बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"घरात," बायको म्हणाली. "बैठकीत. दुपारी दोन वाजता. ट्यूब लावून."

त्या मापाची लेन्स मागवली आणि आठवड्यानं जाऊन घेऊन आलो. म्हणजे माझ्याकडे आता एक नैसर्गिक डोळा होता, पण तो दुपारी दोन वाजता, बैठकीत, ट्यूब लावल्यावरच नैसर्गिक होता.

सवय व्हावी म्हणून पाहुणे यायच्या आधी दोन दिवस मी ती घरात काही तास घालून वावरलो.  मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, त्याईले सांगून टाकलं तर नाही चालत का?" मी म्हणालो, "मागच्या वेळी काय झालं माहीत आहे ना?" ती म्हणाली, "माहीत हाये." आणि भांडी घासायला गेली. तिनं भांडी जरा जोरात घासली.

शनिवार उजाडला. मी बैठकीच्या खिडकीला पडदा लावला, कवाडाजवळच्या खुर्च्या आत ओढल्या, माझी खुर्ची ट्यूबच्या बरोबर खाली ठेवली. मेहुणा मध्यस्थ, तो चिखलीहून एकला येणार होता. दीडला त्याचा फोन आला, गाडी पंक्चर आहे, पाहुणे पोचतील, तुम्ही सुरू करा. मला घाम फुटला. घाम पुसताना लेन्स हलेल म्हणून मी घाम तसाच ठेवला.

दोनला पाहुणे आले. मुलाचे वडील, मुलाची आत्या आणि मुलगा. वडील धिप्पाड, मिशीवाले, कमी बोलणारे. आत्या त्यांची भरपाई करणाऱ्या. रामराम झाला, पाणी झालं. मी ट्यूबखाली ताठ बसलो. आणि पोह्यांच्या ताटल्या आल्या तशी लाइट गेली.

"जाऊ द्या, अंगणात बसू की!" आत्याबाई उठल्याच. "ऊन कसं छान पडलंय."

"आत थंड आहे," मी म्हणालो.

"अहो, म्हणून तर बाहेर."

थंडीचे दिवस होते. खुर्च्या अंगणात गेल्या. मी सूर्याकडे पाठ करून बसलो. पण आत्याबाईंनी खुर्ची ओढून माझ्या समोर आणली आणि माझ्या डाव्या डोळ्यात पाहिलं. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. मग भावाकडे पाहिलं. भावानं माझ्या डोळ्यात पाहिलं. मी पोह्यांत पाहिलं. मनात म्हटलं, दिसली. बाहुली मोठी दिसली. संपलं.

"मुलीचे वडील ना तुम्ही?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"हो. म्हणजे, हो."

"मुलीचा जन्म कुठला?"

"बुलढाण्याचा."

"वार कोणता?"

वार? मी बायकोकडे पाहिलं. ती कवाडात चहाचा ट्रे घेऊन उभी. "गुरुवार," ती म्हणाली.

"गुरुवार," मी म्हणालो.

"रक्तगट?"

पोरगी पन्नास लोकांचं रक्त रोज तपासते, पण तिचं रक्त कोणतं हे मी कधी विचारलं नव्हतं. "चांगलं आहे," मी म्हणालो.

आत्याबाईंनी भावाला कोपरानं ढोसलं. हे काय चाललंय मला कळेना. लेन्स ओळखली असती तर त्यांनी डोळ्याचं विचारलं असतं. हे तर शाळेत नवीन विद्यार्थी दाखल करताना मी विचारतो तसं विचारत होते.  मी डावा डोळा लपवायला मान वळवावी, तर ते दोघं वाकून तिकडंच पाहत. मुलगा बिचारा डोळे बारीक करून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता.

शेवटी मुलाच्या वडिलांनी ताटली खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर माझ्या मेहुण्याला लावला. कानाला न लावता स्पीकरवर ठेवला.

"अहो पाहुणे, आम्ही पोचलो. पण जरा सांगा, मुलीचे वडील कसे दिसतात?"

"भाऊजी? साधे हायेत. शाळेत बाबू. डाव्या डोळ्यात पांढरं फूल हाये, मी तुमाले आधीच सांगतलं होतं ना, लहानपणी मार लागलेला, जन्माचं नाही म्हणून."

"इथं जे बसलेत त्यांच्या डोळ्यात काहीच नाही."

 मग मेहुण्याचा आवाज आला, "काहीच नाही? मंग तिथं कोण बसून राह्यला बे?"

मेहुण्याला मी लेन्सचं सांगितलं नव्हतं. मेहुण्यानं मला त्याच्या सांगण्याचं सांगितलं नव्हतं. मागच्या स्थळाचा धडा आम्ही दोघांनीही घेतला होता. त्यानं उघडं करायचं ठरवलं आणि मी झाकायचं. आणि आता दुसरबीडचे लोक माझ्या अंगणात बसून समजत होते, की यांनी खरा बाप कुठंतरी कोंडून ठेवलाय आणि दाखवायला भाड्याचा आणलाय.

मी उठलो. नळावर गेलो, साबणानं हात धुतले.  मुलगी आतून आली, लेन्सची डबी उघडून माझ्या बाजूला उभी राहिली. मी वर बघितलं, दोन बोटांनी चिमटीत धरून लेन्स काढली.

"अगं बाई!" आत्याबाई किंचाळल्या. "डोळाच काढला!"

"डोळा नाही," मी वळून म्हणालो. "हे झाकण आहे. डोळा हा."

सगळ्यांनी माझं फूल नीट बघून घेतलं. चाळीस वर्षांत त्याला एवढ्या लोकांनी एकाच वेळी, एवढ्या उन्हात पाहिलं नव्हतं. आत्याबाईंचं समाधान झालेलं दिसलं. मुलाच्या वडिलांचं नाही.

"आम्हाला डोळ्याचं काही नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "नव्हतं म्हणून तर आलो. पण आता विचारावं लागतं. हे झाकलं, तसं आणखी काय झाकलंय?"

हा प्रश्न रास्त होता, आणि तेच वाईट होतं. पोरीवर कधी कोणी असा संशय घेतला नव्हता. तो मी स्वतः मलकापूरला जाऊन, उन्हात धरून, माप जुळवून घरी आणला होता.  मी आलं तसं बोललो. "मागचं स्थळ या डोळ्यावरून गेलं. हे जाऊ नये म्हणून केलं. भ्यालो होतो. तिला हे नको होतं, तिनं सांगा म्हटलं होतं. यात तिची काही चूक नाही, एवढं धरून चाला. बाकी तुम्ही म्हणाल ते."

 शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला, म्हणजे लाइट आली होती. आत उठून जाऊ या असं कोणी म्हणालं नाही.

"विचारा काय विचारायचं ते," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बाबाले नका विचारू, त्याईले माह्या रक्तगट बी माहीत नाही. मले विचारा. मले चष्मा हाये. पाठवलेल्या फोटोत नाही, कारण फोटोवाल्यानं काढाले लावला. माह्याकडचं झाकलेलं तेवढंच."

 मुलानं आत्याकडे एकदा पाहिलं, शर्टाच्या खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. मग तो मुलीकडे पाहतच राहिला. मला वाटतं, तोवर त्याला ती नीट दिसलीच नव्हती.

"तुला म्हटलं होतं ना काढू नको म्हणून," आत्याबाई पुटपुटल्या.

मुलाच्या वडिलांच्या मिशीत काही हललं की नाही, मला सांगता येणार नाही. मी तेव्हा एका डोळ्यानं पाहत होतो आणि त्यातही पाणी होतं. चहा झाला. ते उठले. "कळवतो," एवढंच म्हणाले. मागच्या स्थळाचे लोकही जाताना असंच म्हणाले होते, फक्त हसत.

मेहुणा चार वाजता पोचला. मी त्याच्याशी भांडलो, तो माझ्याशी भांडला, आणि उरलेले पोहे आम्ही दोघांनी मिळून संपवले.

तो दिवस गेला. रविवारची सकाळ गेली. मुलगी कपडे धूत होती, वाळत घालत होती. तिनं माझ्याशी भांडावं म्हणून मी दोनदा विनाकारण तिच्यासमोरून गेलो. ती म्हणाली, "बाबा, सावली पडते, सरका." माझ्या फोनला हात लावायची माझी छाती नव्हती. तो मी फ्रिजवर ठेवला होता आणि दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला फ्रिजजवळ जात होतो. इतकं पाणी मी उन्हाळ्यातही पीत नाही.

पाच वाजता फोन वाजला. बायकोनं घेतला. ती नुसती "हो, हो, हाव" करत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. फोन ठेवून ती मुलीकडे गेली, तिच्या कानात काही बोलली आणि मुलगी आत निघून गेली. पाच मिनिटांनी आतून स्टोव्हवर आधण ठेवल्याचा आवाज आला. चहाचं भांडं होतं. चहा कर असं मी तरी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला घर पाहायला बोलावलं होतं. मुलाच्या वडिलांचा निरोप एवढाच, की येताना मुलीच्या बापाला आहे तसाच आणा.

सगळं आवरल्यावर मी लेन्सची डबी घेऊन बायकोसमोर उभा राहिलो. म्हटलं, एवढी हिंडून आणली, आता हिचं काय करू? ती पिठाचा डबा पालथा करून झटकत होती. तिनं मान वर केली नाही.

"टाकून द्या," ती म्हणाली. "दोन दिवस नुसता जीव अवघडून गेला माह्या. तुमी त्या डोळ्यानं माह्याकडं पाह्यलं का मी आपली पदर सारखा करून राह्यली, कोणी परका माणूस घरात शिरल्यावाणी. बरं झालं गेला तो. आता उठा, तो डबा घ्या, अन् दळण टाकून या."